अंजीर गल्लीला दहापैकी किती

३ फेब्रुवारी, मंगळवार

चार! आमच्या या गल्लीला दहापैकी चार. एकोणतीस वर्षं राहून मनात ठरलेला आकडा आज एकदाचा लिहून टाकते, कारण आज नोटीस आली. गेल्या महिन्यात सरकारी इंजिनियर जिन्यातल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून गेले होते. सगळ्या तडकल्या. इमारत झुकते आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग पाडणार.

चारसुद्धा जास्तच. दोन सकाळच्या उकडलेल्या पावट्यांच्या गाडीचे, एक समुद्राच्या वाऱ्याचा आणि एक उगाच, सवयीचा. बाकी आहे काय इथे? किराणावाला लबाड. शेजारीण कान लावून बसते. आणि जिन्यात दिवा नाही! इदरीस, म्हणजे आमचा दरवान, त्याच जिन्याखालच्या खोलीत राहतो. आस्वानकडचा माणूस, डोक्याला पागोटं, तोंडाला कुलूप. त्याला रोज सांगते, "इदरीस, दिवा!" तो रोज म्हणतो, "लावतो, बाई." लावतो, दोन दिवसांनी दिवा जातो, की पुन्हा "लावतो, बाई."

संध्याकाळी वाएलचा कैरोहून फोन. "आई, बास झालं आता. इकडे ये." इकडे म्हणजे वाळवंटात, भिंतीच्या आतल्या त्या वसाहतीत. गेल्या वर्षी मी अकरा दिवस राहून आले. भाजी फोन केल्यावर येते. शेजारच्या घरातलं कुत्रं तेवढं ओळखीचं झालं, माणसं नाही. फाटकावरचा पहारेकरी सलाम ठोकतो, आणि त्याच्यावर ओरडायला काही कारणच सापडत नाही.

मी वाएलला सांगितलं, "अठ्ठावीसच्या आत घर मिळालं तर मी अलेक्झांड्रियात राहणार. नाही मिळालं तर तुझ्याकडे येते, कुरकुर करणार नाही."

"कबूल!" म्हणाला. फार पटकन म्हणाला.

मला तिकडे मरायचं नाही. एवढंच आहे, दुसरं काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन घरं पाहिली. पहिलं: नववा मजला, लिफ्ट बंद. दुसरं: घरमालकाने माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यांकडे बघून विचारलं, "एकट्याच का?" दोन्हींना मिळून दोन.

७ फेब्रुवारी, शनिवार

बाकोस भागात ट्रामच्या रुळांमागे एक गल्ली आहे, अंजीर गल्ली. अंजिराचं झाड खरोखरच आहे, एकच, आणि त्याला कोणीतरी खुर्ची बांधून ठेवली आहे चोरीला जाऊ नये म्हणून. नऊ नंबरच्या दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर पाटी दिसली: भाड्याने देणे आहे.

पाटी पाहून थेट वर जाणं हे मूर्खांचं काम. चौतीस वर्षं मी शाळा तपासनीस होते. कधी कळवून गेले नाही. कळवून गेलं की शाळा दारात कुंड्या आणून ठेवतात आणि मुलांची नखं कापतात. तेव्हा घरमालकिणीला शेवटी भेटायचं, आधी गल्लीला विचारायचं, आणि कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही. निळा सूट घातला होता, मोत्याची पिन, चांगली पर्स.

नऊ नंबरच्या समोर इस्त्रीवाला आहे, अयाद नावाचा, पन्नाशीचा, गळ्यात छोटा क्रूस. मी म्हटलं, "समोर कोण कोण राहतं हो?"

त्याने इस्त्री उभी केली. आधी सुटाकडे पाहिलं, मग पिनेकडे, मग पर्सकडे. "आपण?"

"मी कोणी का असेना. माणसं कशी आहेत, तेवढं सांगा."

"अस्सं होय!" आणि त्याचा चेहरा एकदम दिवाणखान्यासारखा झाला! स्टूल पुसलं. "बसा, मावशी, बसा. विचारा काय हवं ते."

मी माझे नेहमीचे प्रश्न काढले. आरडाओरडा होतो का? उशिरा कोण येतं? दारूबिरू? "नीट सांगा," मी म्हटलं, "सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे. मागाहून पस्तावायची वेळ यायला नको."

"अगदी बरोबर बोललात!" त्याने छातीवर हात ठेवला. "मावशी, बहगत म्हणजे सोनं आहे, सोनं! त्याचे शर्ट मी करतो. माणूस कॉलरवरून कळतो. त्याची कॉलर बघा एकदा."

बहगत कोण, हे मी विचारलंच नव्हतं. तरी लिहून घेतलं: सगळ्यात वरचा मजला, वय त्रेचाळीस, ट्रामच्या कारखान्यात फिटर, एकटा.

कोपऱ्यावर हाजी मंदूरचं किराणा दुकान. तिथे जाऊन तेच प्रश्न विचारले. मी पोचायच्या आधी अयाद मागच्या बाजूने तिथे पोचला असावा, कारण तो दारात धापा टाकत उभा होता. हाजी म्हणाले, "आई अंथरुणाला खिळली होती, तिला स्वतःच्या हाताने भरवलं हो त्याने. असा मुलगा मिळणार नाही."

"कोण?"

"बहगत!"

"आणि पाण्याचा जोर कसा आहे?"

हाजी जरा गोंधळले. मग म्हणाले, "पाणीसुद्धा तोच दुरुस्त करतो."

८ फेब्रुवारी, रविवार

बहगतच्या कॉलरचा माझ्या घराशी काय संबंध? शेरा: गल्ली बोलघेवडी, विषय एकच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला तिथे हजर. आवाजाची तपासणी सकाळीच करायची असते.

पावट्यांच्या गाडीपाशी उभी राहिले. पावटे आमच्याकडच्यापेक्षा चांगले, लिंबू सढळ. दोन घास खाल्ले न खाल्ले, तोच वरून एक लांबलचक शीळ. मग दुसरी. आणि डोक्यावरून फडफडत काहीतरी गेलं. गाडीपाशी उभे असलेले सगळे एकदम खोकायला लागले. सगळे! एकाच वेळी!

"शीळ कोण घालतंय?"

"ट्राम," हाजी मंदूर म्हणाले.

"ट्राम छपरावरून जाते?"

"वारा, मावशी," अयाद म्हणाला. "समुद्राचा. फेब्रुवारीत असा वाजतो."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून एक भारदस्त बाई अर्धीअधिक बाहेर झुकली आणि छपराकडे तोंड करून ओरडली, "अरे, आज नको रे, गाढवा!" वारा लगेच थांबला.

ती दौलतबाई. घरमालकीण तीच, हे हाजींनी सांगितलं. तिने मला पाहिलं, ओढणी सारखी केली, आत गेली, आणि पाच मिनिटांत सज्जातून दोरीने टोपली खाली आली. टोपलीत चहाचा ग्लास, त्यावर बशी, बशीत दोन बिस्किटं. "वर या म्हणत नाही अजून," वरून हाक आली, "रीत नाही. पण चहा घ्या!"

रीत? भाडेकरूला वर न बोलवण्याची कसली रीत? असेल त्यांच्याकडे. पण तीन मजले खाली येऊन चहाचा एक थेंब सांडला नव्हता. गल्लीचे गुण सहावरून सात केले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिव्यावरून इदरीसशी भांडण. ठेच लागली, पर्स घरंगळत दोन पायऱ्या खाली. "माझी हाडं मोडल्यावर लावणार आहेस का रे?"

"लावतो, बाई." मग पर्स पुसून हातात देताना, "घर सापडलं का?"

"बाकोसला एक आहे. पण विचित्र गल्ली. मी विचारते पाण्याचं, ते सांगतात वरच्या मजल्यावरच्या माणसाचं. दारू पीत नाही, आईला भरवलं, कॉलर स्वच्छ."

इदरीसने पागोट्याचं टोक तोंडावर घेतलं आणि खोलीत निघून गेला. त्याचे खांदे हलत होते. एवढं हसण्यासारखं काय होतं?

१५ फेब्रुवारी, रविवार

तिसरी फेरी. आज ठरवून गेले होते की बहगत सोडून दुसऱ्या विषयावर बोलायला लावायचंच.

"जिना कोण धुतं? दरवान दिसत नाही."

हाजींचा चेहरा पडला. "दरवान होता. गावी गेला, दोन वर्षं झाली. खोली रिकामीच आहे. आम्ही आळीपाळीने धुतो जिना." मग उजळून, "बहगत दोनदा धुतो!"

दरवान नाही म्हणजे एक गुण कमी. माझ्यासारख्या बाईने बोलायचं कोणाला?

अयादला विचारलं, "यात वाईट असं काहीच नाही का हो?"

"कशात?"

"सगळ्यात."

तो बिचारा घामाघूम झाला. शर्टाची एकच बाही तीनदा इस्त्री केली. शेवटी म्हणाला, "जरा... जास्त मीठ खातो."

१८ फेब्रुवारी, बुधवार

वादळ. कोळी लोक याला धाकट्या सूर्याचं वादळ म्हणतात आणि दर वर्षी ते तारखेला येतं, मुलासारखं नाही. दिवसभर खिडक्या थडथडत होत्या. जिन्यातली एक भेग आणखी बोटभर रुंदावली. चौथ्या मजल्यावरचे निघून गेले. जाताना इदरीसच्या गळ्यात पडून रडले, ही मला नवलाची गोष्ट वाटली.

वाएलचा फोन. माझी खोली रंगवून झाली. पिस्ता रंग! "तुला आवडेल," म्हणाला. विचारलं नाही कोणी. मी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला.

दहा दिवस राहिले. मला अंजीर गल्लीच हवी आहे. खरं काय ते लिहिते. ती माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलतात. ती शीळ वाऱ्याची नव्हती, हे मला कळत नाही का? चौतीस वर्षं खोटं ऐकून माझे कान तयार झालेले आहेत. पण शाळेत असं व्हायचं: खिडकीची काच फुटलेली, मी विचारते, कोणी फोडली? आणि चाळीस मुलं, जी एरवी एकमेकांची पेन्सिल ढापतात, ती एका सुरात म्हणतात, "आम्ही पाहिलंच नाही, बाई." मी वरून रागवायचे. वहीत मात्र त्या वर्गाला गुण जास्त द्यायचे. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. ह्यांना ठाऊक होतं ते वेगळं.

ती सगळी कोणाला तरी वाचवताहेत. अशा गल्लीत मी पडले तर मलाही उचलतील.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हाजींकडे पत्ता आणि फोन नंबर देऊन आले होते, त्यावर दौलतबाईचा निरोप आला: "शुक्रवारी नमाजनंतर या. बोलणं करून टाकू." शेवटी! रव्याची वडी घेऊन जाते, एक किलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अरे देवा. अरे देवा!

सगळं सुरुवातीपासून लिहिते.

वर गेले. दौलतबाईचा दिवाणखाना गच्च भरलेला. हाजी मंदूर नव्या अंगरख्यात. अयाद टाय लावून. सोनेरी खुर्चीवर एक उंच, लाजरा माणूस, केसांना तेल, करकरीत काळा सूट. हाच तो बहगत! समोर तबकात लाल सरबताचे ग्लास. एका रिकाम्या घरासाठी एवढा थाट, मला भरूनच आलं. वडीचा खोका दिला. दौलतबाई माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आमच्याबद्दल तुम्ही सगळीकडे विचारलंत. आता तुम्ही बोला."

मी म्हटलं, "मला आधी मोरी बघायची आहे."

दौलतबाईने हाजींकडे पाहिलं.

"मोरी?"

"आणि स्वयंपाकघर. ऊन कुठल्या बाजूने येतं?"

हाजी सावरून म्हणाले, "बरोबर आहे, बघू द्या. मुलीला तिथेच नांदायचं आहे."

"कोणाच्या मुलीला?"

"तुमच्या!"

"मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो कैरोला असतो."

अयादच्या हातातला ग्लास तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला. आणि मला सगळं एकदम दिसलं: निळा सूट, मोत्याची पिन, दारू पितो का, उशिरा येतो का, सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे! मुलीची आई मुलाच्या गल्लीत जाऊन नेमकं हेच विचारते. वाएलच्या वेळी त्याची सासू आमच्या गल्लीत असंच विचारत फिरली होती! आणि मी म्हणे तपासनीस!

कोणी काही बोलायच्या आत बहगत उभा राहिला. "बरं झालं," म्हणाला. कान लाल झालेले. "आता खरं सांगून टाकतो. छपरावर माझी चाळीस कबुतरं आहेत. पहाटे शीळ मीच घालतो. ती मी सोडणार नाही. आणि मीठ मी मुळीच जास्त खात नाही."

"बस खाली!" दौलतबाई कडाडली. मग माझ्याकडे वळून, "दोनदा याचं ठरत आलेलं मोडलं, बाई. कबुतरं उडवणाऱ्याला कोण मुलगी देतं? पहिल्या वेळी यांनी सांगितलं," बोट हाजींकडे, "दुसऱ्या वेळी याने," बोट अयादकडे. "विचारलं आणि खरं बोलून बसले, बैल! म्हणून या वेळी सगळ्यांकडून शपथ घेतली होती मी."

"मी क्रूसावर हात ठेवला होता," अयाद पुटपुटला.

मला हसू आलं. आवरलं नाही. तेच चुकलं.

"मग तुम्ही आहात तरी कोण?" बहगतने विचारलं. हळू विचारलं.

"भाडेकरू," मी म्हटलं. "म्हणजे, व्हायचं आहे."

दौलतबाईने माझा हात सोडला. "दोन आठवडे आमची परीक्षा घेत होतात? न सांगता?"

"सांगून गेलं की लोक दारात कुंड्या ठेवतात."

"आम्ही शाळा नाही, बाई." ती उठली. "घर द्यायचं की नाही, ते बघू. आता आमची पाळी."

सरबत कोणी प्यायलं नाही. वडीचा खोका तसाच बंद राहिला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घराबाहेर पडले नाही. बहगतच्या सुटाच्या बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच शिवलेली होती. डोळ्यांसमोरून जात नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

माफी मागायला गेले. आयुष्यात तीनदा मागितली आहे, ही चौथी. अयादने मला पाहून इस्त्रीत डोकं घातलं, हाजींनी डबे पुसायला घेतले. कोणी अडवलं नाही. थेट छपरावर चढले. जिन्यात दिवा होता.

बहगत कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, खांद्यावर एक कबुतर. सूट नसला की बराच बरा दिसतो. मी म्हटलं, "तुमच्या जिवाशी खेळ केला मी. जाणून नाही केला, पण केला."

"तुम्ही काय केलंत?" तो म्हणाला. "दोन आठवडे सगळी गल्ली माझं चांगलं बोलत होती. मला वरपर्यंत ऐकू यायचं." मग खांद्यावरचं कबुतर उतरवत, "खोटं होतं, ठाऊक आहे. तरी बरं वाटायचं हो."

त्याने काठीला बांधलेलं फडकं फिरवलं, शीळ घातली, आणि चाळीसच्या चाळीस उडाली. ट्रामच्या तारांवरून वळून समुद्राकडे गेली आणि परत आली. एक राखाडी मागे राहिलं होतं. ते येईपर्यंत तो खाली बघायला तयार नव्हता.

"दौलतखाला म्हणते, तुम्ही गुण देता," तो म्हणाला. "आम्हाला किती?"

"साडेआठ."

"दीड कुठे गेला?"

"एक दरवान नाही म्हणून. अर्धा शिळेचा."

"शीळ अर्ध्यावरच भागली?" तो मोठ्याने हसला. मी पण.

उतरताना दौलतबाई दारात उभी होती. मी सलाम केला. तिने मान हलवली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर बँकेत आणि पेन्शनच्या कचेरीत. अंजीर गल्लीकडून काही नाही. मीही जाणार नाही, तोंड उरलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

वाएल म्हणाला, सत्तावीसला दुपारी ट्रक पाठवतो. मी "पाठव" म्हटलं. शब्द दिला होता.

भांडी, ह्यांची पुस्तकं, पडदे. इदरीस खोके बांधतो आहे. गाठी चांगल्या मारतो. पिस्ता रंगाच्या खोलीत हे सामान कसं दिसेल, ते मनात आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. थोडी रडले. इदरीसने पाहिलं आणि तो दोरी आणायला म्हणून बाहेर गेला. दोरी त्याच्या हातातच होती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी खोका घेऊन उतरताना पुन्हा ठेच! काचेची बरणी फुटली, जैतुनाचं तेल तीन पायऱ्यांवर. मग मी ऐकून घेतलं नाही. एकोणतीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. दिवा, जिना, टपालातली उशिरा आलेली पत्रं, सगळं. तो तेलावर लाकडाचा भुसा टाकत होता. "लावतो, बाई," म्हणाला. दोन दिवसांत इमारत रिकामी होणार, आणि म्हणतो लावतो!

दुपारी फोन. दौलतबाई! "चावी अयादकडे ठेवली आहे. येताना पुन्हा ती वडी आणा, त्या दिवशीची बहगतच्या कबुतरांनी खाल्ली."

मी विचारलं, असं कसं बदललं मन?

"बदललं कुठे? चौकशी केली. मंगळवारी तुमच्या गल्लीत जाऊन आलो, मी आणि अयाद. लोक फार चांगलं बोलले हो तुमच्याबद्दल."

चांगलं? माझ्याबद्दल? आमच्या गल्लीत?

वाएलला कळवलं. म्हणाला, "रंग बदलून घेतला असता गं." ट्रक येईल, पण बाकोसला जाईल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी इदरीसला गाठलं. "कोण बोललं रे माझ्याबद्दल?"

"मी, बाई. किराणावाला पण. तुमची शेजारीण पण. पावटेवाला पण. तुम्ही बाकोसचं सांगितलंत ना, तेव्हाच ठरवून ठेवलं होतं आम्ही. म्हटलं, खरं कळलं की ते इथे विचारायला येणार."

"काय सांगितलंत?"

"म्हणालो, एकोणतीस वर्षांत बाईंचा आवाज चढलेला कधी ऐकला नाही."

उद्या रिकाम्या होणाऱ्या जिन्यात नवा दिवा जळतो आहे. ट्रक दारात येऊन उभा आहे. मी यांना चार दिले होते! आणि महिनाभर घर घर करत मी शहर पालथं घातलं, पण जिन्याखालच्या या माणसाला एकदाही विचारलं नाही, तू कुठे जाणार म्हणून. नऊ नंबरची दरवानाची खोली अजून रिकामीच आहे. खाली जाते.